नातवाचे पोट आणि आजोबांचे स्वप्न

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझ्याकडे रक्तदाबाच्या तपासणीसाठी नियमित येणारे बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ त्या दिवशी स्वतःसाठी नव्हे, तर नातवाला घेऊन आले होते. मुलगा आठवीत शिकणारा. तीन महिन्यांपासून अधूनमधून पोटात दुखते, ही तक्रार. जंतांचे औषध दोनदा देऊन झाले होते. रक्त, लघवी व शौचाच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी, सारे काही व्यवस्थित होते. अहवालांची जाड फाइल माझ्या टेबलावर ठेवीत आजोबा म्हणाले, "डॉक्टरबाई, सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग पोरगं कळवळतंय कशानं?"

मी मुलाला तपासले. दुखते कुठे, असे विचारल्यावर त्याने बेंबीभोवती हात फिरवला. वजन घटलेले नव्हते. उलटी, ताप, शौचातून रक्त यांपैकी काही नव्हते. दुखण्याने रात्रीची झोप मोडत नव्हती. दुखते कधी, या प्रश्नाचे उत्तर मात्र आजोबांनी दिले. "बहुतेक रविवारी सकाळी. शनिवारी रात्री जड काही देत नाही आता, तरी दुखतंच."

रविवारी सकाळी काय असते, हे विचारल्यावर उलगडा झाला. सातवीपासूनच त्याला वैद्यकीय प्रवेशाच्या पूर्वतयारीच्या शिकवणीला घातले होते आणि दर रविवारी नऊ वाजता तेथे चाचणी असे. शिकवणीचे शुल्क आजोबांनी निवृत्तीच्या वेळी ठेवलेली मुदतठेव मोडून भरले होते. "याच्या बापाला मी डॉक्टर करू शकलो नाही. याला करणार," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात हट्टापेक्षा जुनी हळहळच अधिक होती.

दुखणे खोटे नसते

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. अशा वेळी घरातील कोणीतरी म्हणते, "नाटक करतोय, शिकवणी चुकवायची आहे." हे बहुधा खरे नसते. आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंचे दाट जाळे आहे. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणाऱ्या संवेदनाही वेदना म्हणून जाणवू लागतात. मुलाला खरोखरच दुखत असते. तपासणीत दोष सापडत नाही, याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे असा होत नाही.

मात्र प्रत्येक पोटदुखी ताणामुळे होते असे मानून स्वस्थ बसणेही धोक्याचे आहे. मुलाचे वजन घटत असेल, वाढ खुंटली असेल, वारंवार उलट्या किंवा ताप येत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, किंवा दुखणे बेंबीपासून दूर एकाच ठिकाणी स्थिर असेल, तर डॉक्टरांकडून सविस्तर तपासणी करून घेतलीच पाहिजे. या मुलाच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते. म्हणून मी आजोबांना बाहेर थोडा वेळ बसण्याची विनंती केली आणि मुलाशी एकट्याशी बोलले.

"तुला काय व्हायचं आहे?" हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. तो त्याला शेकडो वेळा विचारला गेला होता आणि त्याचे अपेक्षित उत्तरही त्याला पाठ होते. मी विचारले, "गेल्या महिन्यात असं कोणतं काम केलंस, की करताना वेळ कसा गेला ते कळलंच नाही?"

थोडा विचार करून तो म्हणाला, "आजीचं कानाचं यंत्र." आजीला दोन दिवस ऐकू येईनासे झाले होते. घरच्यांना वाटले, यंत्र बिघडले. याने पाहिले, तर कानातला साचा आणि यंत्र यांना जोडणाऱ्या पारदर्शक नळीत घामाच्या वाफेचे थेंब साचले होते. त्याने साचा सुटा केला, नळी फुंकून कोरडी केली, बॅटरी बदलली आणि आजीला ऐकू येऊ लागले. हे सांगताना त्याचा हात पोटावरून केव्हाच निघाला होता.

मग मी सहज विचारले, "आजोबा नोकरीत काय काम करायचे?"

"एस.टी.त होते."

"एस.टी.त काय?"

"ते माहीत नाही."

ज्या माणसाच्या मांडीवर तो वाढला, त्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे काय केले, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. मला मात्र ठाऊक होते. आजोबा आगाराच्या कार्यशाळेत मुख्य मेकॅनिक होते. आत बोलावून मी त्यांना विचारले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "त्यात पोराला सांगण्यासारखं काय आहे, डॉक्टरबाई? ग्रीस आणि डिझेल. त्या वासातून पोरं सुटावीत म्हणून तर सगळी धडपड."

मुलांना दिसते तेवढेच जग

वाचकहो, आपल्या घराघरांत हेच घडत आहे. मुलांसमोर आपण चार-पाच व्यवसायांची नावे घेतो: डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए., स्पर्धा परीक्षा आणि अलीकडे संगणक. बाकीचे सारे जग त्यांच्यासाठी अंधारात राहते. ज्या गोष्टी मुलाने कधी पाहिल्याच नाहीत, त्यांतून तो निवड कशी करणार?

या अपराधात मीही सहभागी आहे, हे येथे नमूद करते. वर्षानुवर्षे दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक हुशार मुलाच्या गळ्यात मी कौतुकाने स्टेथोस्कोप अडकवीत असे आणि "डॉक्टर होणार ना?" असे विचारीत असे. ती एक गंमत होती, पण आईवडिलांच्या डोळ्यांत त्या क्षणी जे चमके, ते गंमतीचे नसे. डॉक्टरच असे म्हणाल्या म्हणजे मुलात ते गुण असणारच, असा अर्थ काढला जाई. आता मी स्टेथोस्कोप देते, पण प्रश्न बदलला आहे. "काय ऐकू आलं?" एवढेच विचारते.

वैद्यकीय प्रवेशाचे गणितही वडीलधाऱ्यांनी शांतपणे पाहावे. २०२४ साली नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. एम.बी.बी.एस.च्या जागा त्या वेळी सव्वा लाखाहूनही कमी होत्या. याचा सरळ अर्थ असा की वीसपैकी एकाच्या आसपास विद्यार्थ्यांना ती जागा मिळते. उरलेले एकोणीस निर्बुद्ध नसतात, आळशीही नसतात. बारा-तेराव्या वर्षापासून त्यांच्यापुढे एकच दार दाखविले असेल, तर ते बंद होताच आपले आयुष्यच संपले असे त्यांना वाटू लागते. हा धोका माझ्या दृष्टीने कोणत्याही पोटदुखीहून गंभीर आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवणी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. त्यामागे मुलांवरील ताणाचा विचार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम पाहण्याची कल्पना मांडली आहे. या वयाला निर्णय नको, ओळख हवी, हेच त्याचे सूत्र आहे. शाळेने ते दहा दिवस दिले नाहीत, तरी आजी-आजोबा ते नक्कीच देऊ शकतात.

मोतीबिंदूच्या एका दिवसात किती माणसे?

आपल्यापैकी अनेकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा व्हायची असेल. पुढच्या वेळी सुट्टीचा दिवस असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीने नातवंडाला सोबत न्यावे. शस्त्रक्रियागृहात त्याला जाता येणार नाही, पण बाहेर बसून मोजता येईल, की आजीच्या एका डोळ्यासाठी किती माणसे राबतात.

नजर तपासणारा नेत्रतज्ज्ञ नव्हे, तर बहुधा ऑप्टोमेट्रिस्ट असतो. ही स्वतंत्र पदवी आहे. डोळ्याची लांबी मोजून कोणत्या क्रमांकाचे भिंग बसवायचे, हे यंत्रावर ठरते. ते यंत्र कोणीतरी रचले, कोणीतरी दुरुस्त ठेवते. परिचारिका थेंब घालतात. शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ उपकरणे मांडतो, दुसरा कर्मचारी ती निर्जंतुक करतो. औषधनिर्माता औषधे देतो. विम्याचे कागद पाहणारी व्यक्ती निराळी, हिशेब ठेवणारी निराळी. महिन्याभराने चष्म्याची काच घासून चौकटीत बसविणारा कारागीर तर आपल्या ओळखीचाच असतो.

आणि ते भिंग? पूर्वी ही भिंगे परदेशातून येत आणि सामान्यांना परवडत नसत. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था काढून ती भारतातच स्वस्तात बनविण्यास आरंभ केला. लाखो वृद्धांची दृष्टी परत आली, ती केवळ शल्यविशारदांमुळे नव्हे, तर भिंग घडविणाऱ्या तंत्रज्ञांमुळेही.

जयपूर फूटची कथा याहून बोलकी आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये हा कृत्रिम पाय आकाराला आला, तो दोन माणसांच्या भेटीतून. एक होते अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि दुसरे होते मूर्ती घडविणारे कारागीर रामचंद्र शर्मा. उकिडवे बसता येईल, अनवाणी चालता येईल, शेतात उतरता येईल असा पाय हवा होता. शरीराचे ज्ञान एकाकडे होते, हाताचे ज्ञान दुसऱ्याकडे. एकट्याने ते काम झाले नसते. ही गोष्ट नातवंडांना अवश्य सांगावी. रुग्णसेवा करण्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते असे नाही, हे त्यातून आपोआप कळते.

घरी करावयाचे उपाय

त्या दिवशी मुलासाठी औषध मी जवळजवळ लिहिलेच नाही. आजोबांसाठी मात्र लिहिले. तेच येथे देते.

पहिले: आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःच्या कामाविषयी बोलावे. केवळ यश सांगू नये. पहिला पगार किती होता, कोणती चूक केली, वरिष्ठांशी कसे जुळवून घेतले, कोणत्या कामात अभिमान वाटला, कंटाळा कशाचा येई, हे सारे सांगावे. आजीनेही सांगावे. तीस माणसांच्या पंगतीचा अंदाज घेणे, भिशी चालविणे, शेतमजुरांचा हिशेब ठेवणे ही नियोजनाचीच कामे आहेत.

दुसरे: महिन्यातून एकदा मुलाला कोणाचे तरी काम पाहायला न्यावे. पोस्टमास्तर, रोपवाटिका चालविणारे, छापखाना, जनावरांचा दवाखाना, वीजदुरुस्ती करणारे, श्रवणतज्ज्ञ, कोणीही चालेल. जाण्याआधी मुलाने तीन प्रश्न लिहून न्यावेत: तुमचा दिवस कसा जातो? हे काम शिकायला काय करावे लागले? या कामातले सर्वांत अवघड काय? घरी आल्यावर "मग, आवडलं का?" असा होकार मागणारा प्रश्न न विचारता "काय पाहिलंस?" असे विचारावे.

तिसरे: मुलाने एक वही ठेवावी. कोणते काम करताना वेळ भराभर गेला, कोणते टाळावेसे वाटले, हे दोन ओळींत लिहावे. वर्षभराने त्या वहीत जे दिसेल, ते एखाद्या दिवसाच्या लहरीपेक्षा विश्वासार्ह असते. अभिरुची चाचणी घ्यायची असल्यास नववी-दहावीत प्रशिक्षित समुपदेशकाकडून जरूर घ्यावी, पण तिचा निकाल ही दिशा समजावी, भविष्यवाणी नव्हे.

चौथे: घरात मतभेद असतील, तर ते मुलासमोर लढू नयेत. आईवडील, आजी-आजोबा यांनी आधी एकत्र बसावे. मूल वाढविण्याची अंतिम जबाबदारी आईवडिलांची आहे. आपण अनुभव द्यावा, निकाल देऊ नये. शुल्कासाठी पैसे दिले असतील, तर त्या पैशांची आठवण मुलाला कधीही करून देऊ नये. आजोबांनी ठेव मोडली आहे, हे त्या मुलाला ठाऊक होते. दर रविवारी तो ते ओझे घेऊन परीक्षेला बसत होता.

पाचवे: झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते, त्याहून लहान शाळकरी मुलांना नऊ ते बारा. ज्या वेळापत्रकात एवढी झोप बसत नाही, ते कितीही महत्त्वाकांक्षी असले, तरी आरोग्याच्या दृष्टीने चुकीचेच आहे.

डॉक्टर म्हणून आणखी एक सूचना

मुलाची दृष्टी तपासताना रंगदृष्टीही तपासून घ्यावी. रंगीत ठिपक्यांतून अंक ओळखण्याची ही चाचणी जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणे हा दोष मुख्यतः मुलग्यांत आढळतो आणि तो आईकडून येतो. म्हणजे आईच्या वडिलांना तो असेल, तर आईला स्वतःला काही त्रास नसतानाही नातवात उतरू शकतो. आजोबांनो, हे आपल्यालाच आधी ठाऊक असू शकते! विमानचालक, रेल्वेचा लोको पायलट, जहाजावरील नौकानयन अधिकारी अशा कामांसाठी रंगदृष्टी निर्दोष असावी लागते. हे बारावीनंतर वैद्यकीय तपासणीत कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. शेकडो अन्य व्यवसायांत या दोषाची अडचण येत नाही.

दहावीनंतरच्या वाटाही माहीत असाव्यात. विज्ञान शाखेत गणित सोडले की अभियांत्रिकीचा मार्ग अवघड होतो आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयचा. मुलाचे मन ठरलेले नसेल, तर दोन्ही विषय ठेवता येतात का, ते पाहावे. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका पूर्ण करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेल्यांनाही पुढे पदविकेची वाट असते. एखादी वाट धरल्यावर परतता येत नाही, हा आपल्या पिढीचा समज होता. आता तो तेवढा खरा राहिलेला नाही.

आणि मूल गप्प गप्प राहू लागले, मित्रांना टाळू लागले, जेवण-झोप बिघडली, "माझा काही उपयोग नाही" असे बोलू लागले, तर उपदेश न करता त्याचे ऐकावे आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तो घरातील मोठ्यांनाही घेता येतो.

पुढे काय झाले

त्या मुलाच्या आईवडिलांशी मी नंतर बोलले. त्यांनी रविवारच्या चाचण्या थांबविल्या आणि शिकवणीही वर्षअखेर सोडली. भरलेले पैसे परत आले नाहीत. आजोबांना त्याचे वाईट वाटले, पण त्यांनी ते मुलासमोर बोलून दाखविले नाही, असे सूनबाईंनी मला सांगितले. पोटदुखी एकदम गेली नाही. दिवाळीपर्यंत दोनदा झाली, मग हळूहळू थांबली.

दिवाळीनंतर आजोबा रक्तदाब दाखवायला आले, तेव्हा नातवाला घेऊन आपल्या जुन्या आगारात जाऊन आल्याचे त्यांनी सांगितले. तेथे अजून दोन ओळखीचे लोक होते. एका गाडीच्या इंजिनातून आवाज येत होता. आजोबांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, त्याचे टोक इंजिनाला टेकविले आणि मुठीला कान लावला. मग नातवालाही कान लावायला सांगितले. "डॉक्टरबाई, तो म्हणाला, 'आबा, हा तर तुमचा स्टेथोस्कोप!'" हे सांगताना ते हसत होते. त्या दिवशी रक्तदाबही बरा निघाला.

निघताना ते दारात थांबले. "पण समजा, झालाच डॉक्टर, तर चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणाले. "फक्त त्याला विचारून."

वाचकहो, निवृत्तीपूर्वी आपण नेमके काय काम करीत होता, हे आपल्या नातवंडांना ठाऊक आहे का? आज संध्याकाळी त्यांना विचारून पाहावे. उत्तर आले नाही, तर रागावू नये. जवळ बसवून सांगायला सुरुवात करावी.